कुकरमधला फज

आई गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दुखवट्याच्या घरात वर्षभर सणाला कढई चढवत नाहीत, हे सांगायला शेवंताआत्या धरणगावहून पहिल्या गाडीने आली. आई गेली तेव्हा मात्र आत्याला गाडी मिळायला दोन दिवस लागले होते.

आई दर आखाजीला चॉकलेट फज करायची. मला तस्साच करायचा होता. दूध, साखर, कोको आणि लोणी मी कुकरमध्ये घातलं.

"हाई काय शे?" आत्याने दारातून विचारलं.

"कुकर. कढई नाही."

शास्त्रात कुकरचा उल्लेख नसल्यामुळे आत्याची अडचण झाली. पाप आपल्या डोळ्यांदेखत नको म्हणून ती पाठ फिरवून उभी राहिली आणि नुसत्या वासावरून हुकूम सोडू लागली.

"गॅस बारीक कर. हलवत राहा. आता पाण्यात थेंब टाक. गोळी झाली?"

"मऊ झालीय."

"मग अजून आटव, म्हणजे वड्या पडतील."

आईच्या वड्या कधी पडल्याच नाहीत. फज ताटलीभर पसरायचा आणि आम्ही बोटांनी चाटायचो. मी गॅस बंद केला.

"इतक्यात? अगदी आईवर, नूतनवर गेलीस! तीस वर्षं सांगत होते तिला, पण बाई महाहट्टी!"

आई गेल्यापासून सगळे तिला देवमाणूस म्हणत होते. तिला नावं ठेवणारं हे पहिलंच माणूस भेटलं.

मी आत्याला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि म्हटलं, "आणखी सांग. आणखी काय काय ऐकायची नाही आई?"