भाडेकरूचा गुडघा

अरे थांबा, मधे बोलू नका कोणी, नाहीतर माझा धागा तुटेल. पप्पांच्या पायाचं सांगतेय. म्हणजे नकली पायाचं.

पप्पा सकाळी गेले, माती द्यायची दुपारी. शवपेटी यायची होती. आणि तो पाय पलंगाशी उभा! बूट घातलेला, मोजा वर ओढलेला, जसं काही पप्पा आत्ता उठतील आणि चढवतील. त्या पायाचं नाव 'भाडेकरू'. पप्पांनीच ठेवलेलं. पाहुणे आले रे आले की मांडीवर थाप मारून सुरू, "हा भाडेकरू आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी याला नोटीस, आणि माझा मूळ पाय परत!" मग आई आतून, "मूळ पायाला कुरूप होतं, तेही परत घेणार का?"

तर या भाडेकरूचा गुडघा वाजायचा. कुईऽऽक, ठक. कुईऽऽक, ठक. ज्याने तो बनवला तो पायवाला पप्पांचा दोस्त. कानीकपाळी ओरडायचा, दुकानात घेऊन ये, दोन थेंब तेलाचं काम आहे. पप्पा ऐकतील तर शपथ. "वाजू दे की. मुकादमाला कळतं मी येतोय." मुकादम म्हणजे आई. सगळ्या घराला कामाला जुंपायची म्हणून. समोर बिल्डिंग चढतेय ना, तिथे खराखुरा मुकादम आहे. त्याला कोणी हाक मारली की पप्पा आईला म्हणायचे, "जा, तुला बोलावतायत, सिमेंट आलंय."

असो. तर त्या दिवशी आत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, जीभ म्हणजे नुसती कात्री, ती आल्या आल्या म्हणाली, "पाय लावा त्याला. माझा भाऊ काय लंगडत जाणार?"

आई एकच टॉवेल घडी घालतेय, उलगडतेय, परत घडी घालतेय. मी आपली गेटपर्यंत जातेय, परत येतेय, बसवतच नव्हतं.

"अगं बोल की! एकदा झाकण लागलं की लागलं."

"लावला तर मूळ पाय परत मिळेल यावर माझा विश्वास नाही असं होईल," आई म्हणाली. "आणि नाही लावला तर..." परत टॉवेल.

तेवढ्यात पायवाला आला. पप्पांच्या उशाशी बसून ढसाढसा रडला. मग त्याला काही सुचेना. हाताला कामाची सवय, करणार काय? पिशवीतून तेलाची बुधली काढली, भाडेकरूला मांडीवर घेतलं, गुडघ्यात तेल सोडलं, एक स्क्रू पिळला, दोनदा वाकवून पाहिला. आवाज नाही. लोण्यासारखा.

आई ताडकन उठली. "काय केलंत?"

"वाजत होता ना वहिनी. बंद केला. आता कध्धी वाजणार नाही."

आईने पाय हिसकावूनच घेतला. वाकवतेय, सरळ करतेय, वाकवतेय. चकार आवाज नाही. आणि मग तिचा बांधच फुटला. "वर नवा पाय मिळेल, तोही वाजणार नाही. एवढ्या माणसांत मला कसं कळणार, हे येतायत म्हणून?"

कळलं का तुम्हाला? आम्हाला वाटलं, हिचा विश्वास डळमळला. आणि हिचा विश्वास एवढा पक्का, की ही तिथल्या गर्दीत नवरा कसा शोधायचा या काळजीत!

पायवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "वहिनी, मी... मी परत बिघडवून देतो!"

आत्याने त्याला हातानेच गप्प केलं. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "अगं, बायबलात प्रभूच्या कबरीपाशी गेलेल्या त्या बाईने तरी कुठे ओळखलं? प्रभू जिवंत होऊन समोर उभा, आणि हिला वाटला माळी. बोलला तरी कळेना. नावाने हाक मारली तेव्हा वळली."

"हे कुठे मला नावाने हाक मारायचे? मुकादमच म्हणायचे."

"मग तेच म्हणेल! वर गेला म्हणून त्याला काय अक्कल येणार आहे?"

आई हसली हो! पाय मांडीवर, डोळ्यांतून धार, आणि हसतेय. मग नाक पुसून पायवाल्याला म्हणाली, "घेऊन जा. लागेल कोणाला तरी. बूट मात्र ठेवा."

पेटीत चादर एका बाजूला सपाट दिसत होती. मला बघवेना. आई मात्र ती सपाट जागा हाताने सारखी करत राहिली, पाहुणा यायच्या आधी गादी नीट करतात ना, तशी.

पण आता घरात काय चाललंय सांगू? समोरून हाक येते, "ओ मुकादऽऽम!" आणि आई हातातलं टाकून दारात. ओले हात तसेच. मग परत येते, "मला नाही, त्या मुकादमाला." मी म्हटलं, खिडकी लावून घेऊ? तर म्हणाली, "उघडी राहू दे."

आणि हसू नका हं. कालपासून हाक आली की तिच्या आधी मीच उठते.