खाली कोणी राहत नाही

उकंडरावानं सकाळीच बाळंतिणीची शेगडी तांब्याभर पाण्यानं विझवली. "धूर दिसला का समदं खलास, वहिनी," असं म्हणून तो भावजयीच्या, कौशल्याबाईच्या, झोपडीच्या दाराशी कडब्याच्या पेंढ्या रचू लागला.

आत कौशल्याबाईची लेक कोकिळा पाच दिवसांच्या पोराला पोटाशी घेऊन पडली होती. धरणाखालच्या या वस्तीतल्या बाकीच्या घरांनी खाटा-भांडी गावात हलवली होती आणि रिकाम्या झोपड्यांत गुरं बांधली होती. पाचवी व्हायच्या आधी बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून ही एकच झोपडी भरलेली राहिली.

पानशेत फुटल्यापासून जुन्या धरणांची तपासणी चालू होती. इथलं धरण लहानसंच. सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनच्या, शेठनं इंग्रजी अमलात बिजलीसाठी बांधलेलं. त्याच्या पाण्यावर खाली माळ्यांची वांगी-मिरची पिकत असे. येणारे साहेब धरणाला वर्ग देणार, ही खबर जिनवरूनच आली होती. खाली माणसं राहत असली तर पहिला वर्ग. मग भिंत दुरुस्त होईस्तोवर पाणी निम्म्यावर ठेवायचं, म्हणजे मळ्याचा पाट कोरडा.

साहेब दुपारी आले. भिंतीच्या पायथ्याशी बसून त्यांनी झिरपणारं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी गढूळ होतं.

"माती येतेय. भिंत आतून झिजतेय," ते म्हणाले. "खाली वस्ती?"

"नाही साहेब, गोठे हायेत," उकंडराव म्हणाला. "आमी दिवसा येतो, सांजीले जातो."

"नक्की?"

"इथं साप किती! रातच्याले काय त्याइच्या पंगतीले बसा लागते?"

मंडळी हसली. साहेब हसले नाहीत. "मग तिसरा वर्ग. पाणी भरलेलं राहू द्या. राखणदार नको, धोक्याची घंटा नको. दुरुस्ती पाळी आली की होईल."

"कवा येईन पाळी?" कौशल्याबाईनं विचारलं.

"वरच्या दोन वर्गांची कामं झाली की. वर्षं जातील. तोवर भिंत गेलीच, तर भाजी वाहून जाईल. घंटा वाजवायची कोणासाठी?"

उकंडरावानं तिच्याकडे रोखून पाहिलं. तिची स्वतःची वांगी फुलावर होती. तिनं एकदा वाफ्यांकडे पाहिलं, एकदा कडब्याकडे. आतून काहीच आवाज येत नव्हता.

"साहेब, तुमचा पेन देता काय? सकाळी वापस भेटन."

"कशाला?"

"आज पाचवी हाय. सटवाई पोराचं नशीब लिवाले येते. पाटावर कोरा कागद ठेवला, पण घरात लेखणी नाही."

"कुठल्या घरात?"

 कौशल्याबाई झोपडीपाशी गेली आणि पेंढ्या बाजूला ओढू लागली. मदतीला कोणी पुढं झालं नाही. साहेब वाकून आत गेले, बाहेर आले, आणि खिशातला पेन काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. मग जिनच्या माणसांना म्हणाले, "झडप उघडा. आत्ताच."

गंजलेली झडप करकरत वर गेली. पाणी पाटाला न शिवता नाल्यानं निघालं.

"तुमच्या नातवाले काय चारसान आता, वहिनी? कागद?" उकंडराव म्हणाला.

"जगला तं मागन काही," ती म्हणाली.

सांजेला पाचवीच्या घुगऱ्या शिजल्या. शेजारपाजारची एकही बाई आली नाही. कौशल्याबाईनं एकटीनंच सटवाईपुढं हात जोडले. नाल्यातून पाणी अजून जातच होतं, आणि वाफ्यातली माती सुकायला लागली होती.