घड्याळजीच्या भुवया

"घड्याळजींचा फोटो पाहायचाय," बाई म्हणाल्या, आणि वर्तमानपत्राच्या जुन्या फोटोंची खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला कुठले घड्याळजी हे विचारावंच लागलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी गावात एका शिक्षिकेचा खून झाला होता. खुनी शेवटपर्यंत सापडला नाही, पण पेपराचं काय बिघडलं? खप तिप्पट झाला! पोलिसांनी तिच्या शेजारच्या घड्याळजीला नुसती विचारपूस करायला नेलं, तर पेपरवाल्यांनी पहिल्या पानावर त्याचा चेहरा छापला, सलग अकरा दिवस. बाराव्या दिवशी पोलिसांनी त्याला सोडून दिलं. ती बातमी आतल्या पानावर, चार ओळींत उरकली. दुकान काही पुन्हा उघडलं नाही, आणि वर्षभरात घड्याळजीही गेला.

"मी त्यांची मुलगी. आईनं घरातले सगळे फोटो जाळले. मला वडील म्हणजे पेपरातला तो चेहराच ठाऊक. शाळेत पोरं कात्रण दाखवून चिडवायची. खरं सांगू काका? तो चेहरा पाहिला की मलाही वाटतं, यांनीच केलं असेल."

म्हाताऱ्यानं कपाटातल्या पाकिटातून फोटो काढला. तसाच देऊन मोकळं होता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण 'काका' ऐकून त्याला लाज वाटली, चाळीस वर्षं उशिरा का होईना. त्या काळी छापण्याआधी फोटोवर ब्रशनं रंग लावून तो उठावदार करायचे, आणि ते काम याचंच होतं. त्यानं कापूस ओला केला.

"हा रंग पाण्यानं जातो," तो म्हणाला. "भुवया मी जाड केल्यात. डोळ्यांखालचं काळंही माझंच. संपादक म्हणाले, जरा धार आण. आणली."

कापूस काळा होत गेला. खालून एक साधा माणूस वर आला, गालातल्या गालात हसणारा. बाईंना हुंदका आवरेना. मग त्यांचं लक्ष त्याच्या खांद्याजवळच्या राखाडी पट्ट्याकडे गेलं.

"आणि इथे काय होतं?"

म्हाताऱ्यानं कापूस मागे घेतला. बाईंनीच त्याच्याकडून कापूस घेतला आणि पुसू लागल्या. आधी फ्रॉकची झालर दिसली, मग वडिलांचा कान गच्च धरलेली मूठ, मग दोन वर्षांच्या पोरीचा चेहरा.

त्यांनी त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "मला कशाला पुसलंत?"



"कडेवर पोर असलेला खुनी," म्हातारा म्हणाला, "लोकांना पटला नसता."