पांढऱ्या अक्षरांतलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. घाबरू नका, ही काही भुताखेतांची गोष्ट नाही. पण खोटं तरी कशाला बोलू? दोन वर्षं माझ्या अंगात एका माणसाचं नाव चाळीस वेळा लपवलेलं होतं, आणि तो माणूस आहे कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा नावाला घेऊन जगणं काय असतं ते तुम्हाला सांगायचं म्हणून तोंड उघडलंय. शिवाय माझं एक कामही आहे तुमच्याकडे. ते शेवटी सांगते.

माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातला. दोन सख्ख्या भावांचं दुकान. थोरल्यांना सगळे दादामिस्त्री म्हणत. धाकट्यांना लोक नुसते 'धाकटे' म्हणत, आणि तेवढ्यावरून काय ते समजा. धाकटे गिऱ्हाइकांशी बोलायचे, सुटे भाग आणायचे. दादामिस्त्री मात्र मशीनला कान लावून बसायचे. म्हणजे खरोखरच कान लावायचे. चाक हाताने हळूहळू फिरवायचे आणि म्हणायचे, "शटल घासतंय." उघडून बघावं तर शटलच घासत असायचं! कॉम्प्युटर क्लासच्या एका बाईंच्या आईचं मशीन त्यांनी असंच पाच मिनिटांत सुरू करून दिलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आठवडाभर बसून मला तयार केलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, दादामिस्त्रींचं नाव. दादामिस्त्री माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सगळं छान आहे हो, पण हिला तेल कुठून घालायचं?" दुकानातली माणसं पोट धरून हसली.

आता थोडं आमच्या जगाबद्दल सांगते. तुम्ही शोधयंत्रात काही लिहिता तेव्हा ते आमच्यासारख्या लाखो वेबसाइटींची रांग लावतं. पहिल्या पाचांत जी आली तिच्याकडे जग येतं. पाचव्या पानावर जी गेली तिला कुत्रं विचारत नाही. माझी मात्र चंगळ होती. लोक 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं लिहीतच नसत. थेट 'दादामिस्त्री' लिहायचे, आणि मी पहिली यायचे. कष्ट त्यांच्या हातांचे, मिरवायची मी!

मग ते हातच थरथरायला लागले. आधी बोटं, नंतर मनगट. सुईत दोरा ओवायला त्यांना चार-चार वेळा प्रयत्न करावा लागे. एका दुपारी दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांच्या हातातून दोऱ्याची बॉबिन तिसऱ्यांदा खाली घरंगळली. धाकटे सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, तू राहू दे. तुझ्याच्याने आता होत नाही." आवाज चढलेला नव्हता. पण दादामिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला, हात पुसले, आणि "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडले. ते आजपर्यंत आलेले नाहीत.

हे सगळं मला कसं कळलं? दुकानाच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडी असते. कॉम्प्युटरला ऐकू येतं का, असं विचारू नका. स्वतःची कहाणी सांगणाऱ्याला एवढी सवलत असते.

शोध झाला. दवाखाने झाले, पोलीस झाले, नातेवाईक झाले. धाकट्यांनी त्या दुपारचं ते वाक्य मात्र कोणाला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी त्यांनी माझ्यावरचं दादामिस्त्रींचं नाव काढायला लावलं. माझा माथा मोकळा झाला. मोकळा कसला, ओकाबोका! आणि लोक येईनासे झाले. येणार तरी कसे? ज्या नावाने ते मला शोधत, ते माझ्याकडे उरलंच नव्हतं. मी घसरत घसरत सहाव्या पानावर जाऊन पडले.

तेव्हा नंबरवाला आला. वेबसाइट पहिल्या नंबरावर आणून देतो, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. त्याने दहा मिनिटं माझी नाडी तपासली आणि म्हणाला, "साहेब, लोक अजूनही दादामिस्त्रीच शोधतात. ते नाव परत घाला."

"नाव दिसायला नको," धाकटे म्हणाले.

"मग न दिसणारं घालू. पांढऱ्यावर पांढरं. माणसाला दिसत नाही. शोधयंत्र मात्र रंग बघत नाही, अक्षरं वाचतं. हे नियमात बसत नाही, पण करतात सगळे."

धाकट्यांनी एकदा दादामिस्त्रींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, "कर."

असं ते नाव माझ्या तळाशी चाळीस वेळा पुरलं गेलं. हो, पुरलंच म्हणते मी. दुसरा शब्द मला सुचत नाही. वर सुयांचे दर, पट्टे, तेलाच्या बाटल्यांचे फोटो; खाली कोऱ्या दिसणाऱ्या जागेत दादामिस्त्री, दादामिस्त्री, दादामिस्त्री. मी पुन्हा वर आले. फोन पुन्हा खणखणायला लागला. आणि दर दोन फोनांमागे एकजण विचारायचा, "दादामिस्त्री आहेत का?" धाकटे सांगायचे, "बाहेर गेलेत." दोन वर्षं ते हेच सांगत होते. हळूहळू फोन वाजला की ते दचकायला लागले. मलाही भीती वाटायची. रिकाम्या घरात कोणीतरी चालल्याचं ऐकू यावं, तसं ते नाव माझ्यात वावरायचं.

रोज सकाळी सहा चाळीसला एकजण माझ्याकडे यायचं. कोण आलं ते मला नावानिशी कळत नाही. कुठल्या गावातून, कुठला शब्द लिहून आलं आणि किती वेळ थांबलं, एवढंच कळतं. हे माणूस 'दादामिस्त्री' लिहून यायचं, चाळीस-पन्नास सेकंद वरखाली बघायचं आणि निघून जायचं. एक दिवस चुकला नाही. सुई घ्यायची तर घे ना बाई एकदाची, असं मला वाटायचं.

ती दादामिस्त्रींची मुलगी होती. दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते, आठला कामावर जाते. त्याआधी रोज वडिलांचं नाव शोधायची. शोधयंत्र तिला सांगायचं, हे नाव या पानावर आहे. ती आत यायची, तर नाव नाही! एका सकाळी तिने कोणाला तरी पाठवायला माझ्यावरचा दुकानाचा पत्ता कॉपी करायला माउस दाबून खाली ओढला. तो जरा जास्तच खाली गेला. कोरी जागा निळी झाली, आणि त्या निळ्यावर तिच्या वडिलांचं नाव चाळीस वेळा उमटलं.

त्या दिवशी ती कामावर गेली नाही. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन उभी होती.

"काका, बाबा कुठे आहेत?"

"मला माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का गं?"

"मग यात कसे आहेत?" तिने काउंटरवरचा माउस धरला आणि माझ्या अंगावरून ओढला.

धाकट्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "लोक त्याच्याच नावाने येतात, बाळा. माझं नाव कोण शोधतंय?"

"मग वर लिहायचं होतं ना! वरून पुसून खाली लपवलंत? तुमचा भाऊ आहे तो! रोज सकाळी मला यात बाबा सापडतात आणि रोज हरवतात. माझंच डोकं फिरलंय असं वाटायला लागलं होतं मला."

"ते नाव वर दिसलं की मला दुकानात बसवत नव्हतं." आणि मग धाकट्यांनी ते वाक्य सांगितलं. पाच गिऱ्हाइकं, खाली पडलेली बॉबिन, राहू दे, तुझ्याच्याने होत नाही. सगळं सांगितलं. बोलताना ते लहान मुलासारखे रडत होते.

ती ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलू नका. पण हे नाव वर लिहा. बाबा कधीतरी कुठेतरी स्वतःचं नाव शोधतील. आपली कोणाला आठवण आहे का, हे बघायला तरी शोधतील. तेव्हा पहिलं हेच पान दिसलं पाहिजे."

त्याच दिवशी पांढरी अक्षरं गेली. माझ्या माथ्यावर काळ्या ठळक अक्षरांत नाव आलं, आणि त्याखाली धाकट्यांनी स्वतः लिहिलं: 'मला हे काम माझ्या दादाने शिकवलं. मी त्याला चारचौघांत बोललो, ते चुकलं. दादा, तुझी खुर्ची तुझीच आहे. घरी ये.' मुलगी म्हणाली, "बाबांना फोनवर बोलायचा संकोच आहे. त्यांना लिहायला जागा ठेवा." म्हणून त्याखाली निरोप लिहायची चौकट ठेवली. तिथे लिहिलेलं दुकानाच्या मेलवर यायचं. मुलीने स्वतः 'बाबा' एवढंच लिहून बघितलं. मेल लगेच आली. ती खूप दिवसांनी हसली.

पण मी पुन्हा घसरले. लपवाछपवीवर आलेला नंबर, तो टिकतोय कशाला! नंबरवाल्याला परत बोलावलं. मुलगी त्याला म्हणाली, "आता लबाडी नको. सरळ मार्गाने पहिली आणून दाखवा."

आणि त्याने खरंच मान खाली घालून काम केलं. शीर्षक नीट केलं. दादामिस्त्रींनी दुरुस्त केलेल्या जुन्या मशीनांच्या गोष्टी शिंप्यांकडून लिहून घेतल्या, आणि त्या शिंप्यांच्या पानांवर माझी लिंक द्यायला लावली. मग म्हणाला, "ही फार जड आहे. पान झटकन उघडलं तर शोधयंत्र खूश होतं." त्याने फोटो छोटे केले. आतली जुनी, बिनकामाची वाटणारी जोडणी झाडून काढली. मी पिसासारखी हलकी झाले. महिन्याभरात 'दादामिस्त्री' लिहिलं की मी पहिली यायला लागले, अगदी इमानदारीने. धाकट्यांनी त्याचा हात धरून आभार मानले.

पण मित्रांनो, त्या झाडाझडतीत त्याने एक धागा तोडला. चौकटीतला निरोप मेलपर्यंत नेणारा धागा. चौकट जागच्या जागी आहे. तिच्यात लिहून बटण दाबलं की माझ्याच तोंडून अक्षरं उमटतात, 'धन्यवाद, तुमचा निरोप पोहोचला.' पण तो कुठेही पोहोचत नाही. माझ्या पोटात पडून राहतो. नंबरवाल्याने मुद्दाम केलं नाही. नंबर तपासला, वेग तपासला, निरोप तेवढा कोणी तपासला नाही. दुकानाची बाकीची गिऱ्हाइकं फोनच करतात, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या तीन महिन्यांत त्या चौकटीत तीनच निरोप आले. तिन्ही दूरच्या एकाच शहरातून.

पहिला: 'मुलगी बरी आहे का? मी इथे एका कारखान्यात मशीनांना तेल घालतो. तेवढं जमतं.'

दुसरा, वीस दिवसांनी: 'धाकट्या, तू लिहिलेलं वाचलं. माझा राग नाही. फोन लावतो आणि कापतो. मुलगी ये म्हणाली तर येईन. खाली नंबर देतो.'

आणि तिसरा: 'समजलं. ती रागावली असेल, आणि तिचं बरोबर आहे. तिला सांगा, सुखात राहा. या महिन्याच्या शेवटी इथलं काम संपतंय. मग हा नंबरही राहणार नाही.'

आज सव्वीस तारीख आहे.

मुलगी आजही सहा चाळीसला आली होती. वडिलांचं नाव वाचत चार मिनिटं थांबली. मग दुकानात येऊन तिने विचारलं, "काका, आला का काही निरोप?" आता ती त्यांच्याशी बोलते. धाकट्यांनी मेल उघडून बघितली आणि म्हणाले, "नाही गं." मी तिथेच होते, दोघांच्या मधे, काउंटरवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण मला हात नाहीत, ओरडायला घसा नाही. कोणी दाखवायला सांगेल तेवढंच मी दाखवते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या दुकानाची, शाळेची, कोणाचीही वेबसाइट असेल, तर ती कितव्या नंबरावर आहे एवढंच बघू नका. तिच्या पोटात काय अडकून पडलंय, तेही अधूनमधून बघा. आणि आता माझं काम. शोधयंत्रात 'दादामिस्त्री' लिहा. पहिली मीच येईन. चौकटीत काही लिहू नका, मी पुन्हा खोटं बोलेन. वर दुकानाचा फोन नंबर आहे, तो लावा. धाकटे उचलतील. त्यांना सांगा, आतले निरोप उघडून बघा, आजच बघा, तुमचा दादा मुलीच्या उत्तराची वाट बघतोय.