रिकाम्या देवांचा दरबार

उमापूरच्या बाजारतळावर इतकी माणसं लोटली होती की शेंगदाणेवाल्या धोंडीरामला आपला गाडा लोटत लिंबाखाली न्यावा लागला. मोठा मांडव, चार कर्णे, आणि मांडवाच्या तोंडाशी भिंतीएवढा फ्लेक्स. फ्लेक्सवर देवांची नुसती जत्रा! सिंहिणीच्या तोंडाची इजिप्तची सेखमेत देवी, हातात तंतुवाद्य घेतलेला ग्रीसचा अपोलो, मेक्सिकोचा पिसांचा नागदेव, जपानची सूर्यदेवी आणि हातोडा उगारलेला उत्तरेकडचा थोर. ह्या थोरचं तोंड कुठल्यातरी इंग्रजी सिनेमातल्या नटाचं होतं, पण कपाळाला गंध लावल्यामुळं ते खपून गेलं. सगळ्यांच्या मधोमध आणि सगळ्यांपेक्षा थोराड, विश्वमूर्ती महाराज.

"भक्तांनो, आपले देव लई बिझी हायत!" महाराज माईकमध्ये गरजले. "श्रावणात परळीला रांग बघितली का? त्या गर्दीत तुमचा आवाज देवाला ऐकू तरी जातो का? आता ह्यो थोर बघा. हजार वर्षं झाली, ह्याच्यापुढं एक नारळ फुटला न्हाई. ही सेखमेत माता, हिच्या देवळात आता फक्त फोटो काढणारे येतात. रिकामे बसलेत बिचारे! आन् भुकेला देव लवकर पावतो."

"खरं हाय, खरं हाय," बाया माना डोलवायला लागल्या.

"गुडघा दुखला, थोर. हातोड्यानं सांधा जाग्यावर! लग्न जमंना, जपानची सूर्यदेवी. शुगर, बीपी, सेखमेत माता. देवाला व्हिसा लागत न्हाई, श्रद्धा लागती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायांच्या बाजूला उभी असलेली कावेरी मात्र ओठ चावत होती. ज्या देवांना त्यांच्याच देशानं निवृत्त केलं, ते उमापुरात येऊन कामाला लागले म्हणे! एरवी ती हसली असती. पण आज तिच्या हाताला धरून तिची सासू बसम्मा उभी होती. बसम्माच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेची जखम होती आणि अंगात वर्षानुवर्षांची शुगर. घरात सासऱ्यांचं, चन्नप्पांचं, किराणा दुकान. खुद्द सासरे महाराजांच्या समितीवर, पहिल्या रांगेत, फेटा बांधून. मग सुनेनं काय बोलायचं?

बसम्माचा नंबर आला. महाराजांचा शिष्य हरिओम, मानेला वळी पडलेला धिप्पाड गडी, शुगर मोजायचं मशीन घेऊन पुढं झाला. मशीनचा आकडा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठ्या टीव्हीवर दिसायची सोय होती.

"सायन्सवाल्यांनो, डोळे उघडे ठेवा!" महाराज म्हणाले. "मशीन मेडिकलवरचं हाय, माझं न्हाई. माऊली, हा इजिप्तचा अंगारा. उजव्या हाताच्या बोटांत चोळा, कपाळाला लावा, चिमूट जिभेवर. गोड लागला का?"

"अगंबाई, गोड हाय की!" बसम्मा चकित झाली. लिंगायताच्या घरातली बाई, जन्मभर रोज विभूती लावत आलेली. पण गोड विभूती तिनं कधी ऐकली नव्हती.

"गोड लागला म्हणजे माता आली!"

हरिओमनं बोटाला टोचलं. टीव्हीवर आकडा आला, पाचशेच्या वर. मांडवभर 'आरारा' झालं. मग महाराजांनी तांब्यातलं 'नाईल नदीचं तीर्थ' बसम्माच्या हातावर धो धो ओतलं, पिवळ्या फडक्यानं हात कोरडा केला, "ओम सेखमेत फट् स्वाहा" म्हणून तीनदा फुंकर मारली. पुन्हा टोचलं. एकशे ऐंशी!

चन्नप्पा तर उभे राहून नाचायचेच बाकी राहिले. बसम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आता इन्सुलिनची सुई बंद," महाराजांनी हुकूम सोडला. "देवी बसली त्या अंगाला सुई लावली तर देवी कोपती. घरात मशीन लावून तिची परीक्षाबी घ्यायची न्हाई."

आणि आत्ता दोनदा टोचलं ती काय सुई नव्हती? कावेरीच्या मनात आलं. ह्यांच्या हातची सुई देवीला चालती वाटतं! पण आकडा तिनंही डोळ्यांनी पाहिला होता, आणि डोळ्यांनी पाहिलेल्याचं काय करायचं, हे तिला कळेना.

आठवडा गेला नाही तोच बसम्माचा अंगठा काळा पडायला लागला. घशाला सारखी कोरड, रात्रंदिवस लघवी, उठलं की भोवळ. कावेरीनं अंगठ्याचा फोटो काढून गेवराईला शाहीनला पाठवला. शाहीन तिची बारावीपर्यंतची मैत्रीण, आता तिथंच दवाखाना चालवणारी डॉक्टर. मिनिटभरात तिचा फोन आला.

"कावेरी, इन्सुलिन बंद केलं? पागल झालात का तुमी लोक? आजच्या आज घेऊन ये. थांबलीस तर अंगठा जाईल, मग पाऊल. आन् एवढ्यावर थांबलं तर नशीब म्हण."

कावेरी तशीच सासूकडं धावली. पण बसम्मा ऐकेल तर शपथ! "मातेनं साखर काढून घेतलीया. हे जुनं पाप बाहेर पडतंय, पोरी. महाराज म्हणलेत."

"अवो, तुमी तरी बोला," कावेरी नवऱ्याला म्हणाली.

राजेश्वरनं डोकं खाजवलं. "मी बोललो तर अण्णा कावतील. आकडा तर समद्यांनी बघितलाय ना."

"आकडा, आकडा! आईचा पाय बघा की एकदा!"

"सूनबाई, आवाज खाली!" चन्नप्पा दुकानातून ओरडले. "तुमच्या शाहीनबाईला गिऱ्हाईक तुटायचं दुःख हाय."

कावेरीला रडूच कोसळलं. पहिल्या बाळंतपणात तिला ताप चढला होता, तेव्हा हीच बसम्मा तिच्या उशाशी बसून होती. डोळ्याला डोळा लावला नव्हता म्हातारीनं. आणि आता तिचा पाय सडताना बघत बसायचं?

दुपारी चन्नप्पा आणि राजेश्वर जेवायला आत गेले, कावेरी दुकानात बसली. फळीवरचा ग्लुकोजचा पुडा उंदरांनी कुरतडला होता. पांढरी भुकटी सगळीकडं पसरलेली. तिनं ती हातानं गोळा करून पुडा टाकून दिला, हात पदराला पुसले आणि तशीच सासूच्या खोलीत गेली. आज काही झालं तरी मोजायचंच.

"आत्याबाई, एकदाच. हे बघा, आधी मी मला टोचते. काई होत न्हाई."

तिनं बोट टोचलं, पट्टीला थेंब लावला. मशीनवर आकडा आला : चारशे अडतीस.

"कोपली!" बसम्मानं कपाळावर हात मारला. "मशीन लावू नको म्हणलं होतं न्हवं? घेतलीस ना साखर तुझ्या अंगावर!"

आपल्याला शुगर? एवढी? तशीच मोरीवर जाऊन तिनं तोंडावर पाण्याचे हबके मारले, हात साबणानं खसाखसा धुतले, पुसले आणि दुसरं बोट टोचलं.

ब्याण्णव.

ती मशीनकडं बघतच राहिली. फुंकर नाही, मंत्र नाही, नाईल नाही; आणि एवढी साखर गेली कुठं? मग तिची नजर पदरावर गेली. पांढरे डाग. तिनं पदराला जीभ लावली. गोड, आणि जिभेला गारेगार. हीच ती अंगाऱ्याची चव! महाराजांनी तिलाही चिमूट दिली होती की! आणि एक दिवसाआड हरिओम ह्याच दुकानातून ग्लुकोजचे डबे नेत होता. 'महाराजांचा उपवास असतो,' म्हणायचा.

"आत्याबाई!" ती जवळजवळ किंचाळलीच. "साखर रक्तात न्हाई, बोटावर होती! अंगाऱ्यात ग्लुकोज हाय. अंगारा कुणी धुवून टाकतं का? तेच बोट टोचलं की आकडा वर जातो, धुतलं की खाली येतो. त्या दिवशी तुमी सकाळी इंजेक्शन घेऊन गेलता, म्हणून एकशे ऐंशी!"

बसम्मानं मशीन बाजूला सारलं. मग हट्टी आवाजात म्हणाली, "माझ्यापुढं नको. महाराजांच्या तोंडावर दाखव. खरी ठरलीस तर सुई घेईन. न्हाई तर पुन्हा माझ्या पायाचं नाव काढायचं न्हाई."

"उद्याच," कावेरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडव पुन्हा तुडुंब. महाराज सकाळपासून आपल्या हातानं चिमूट-चिमूट अंगारा वाटत होते. कावेरी सासूला घेऊन पुढं गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माईक मागून घेतला.

"महाराज, मातेनं आमच्या आत्याबाईंची साखर काढली. पण आमच्या घरात एक नास्तिक हाय, त्याची खात्री पटंना." राजेश्वरनं मान खाली घातली, त्याला वाटलं आपल्यालाच म्हणतीय. "त्याचं तोंड एकदाचं बंद करा. तुमचंच पवित्र बोट मशीनला लावून दाखवा. देवी ज्याच्या अंगात नांदती, त्याचं रक्त कसं असतं ते गावाला बघू द्या!"

"दाखवा, दाखवा!" मांडव गर्जला.

महाराज गालातल्या गालात हसले. "माय, संतांची परीक्षा घेऊ नये."

"परीक्षा कसली महाराज, दर्शन!" चन्नप्पा भक्तीनं ओरडले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत आपण कुणाच्या बाजूनं ओरडतोय!

आता माघार घेता येईना. हरिओम घाईघाईनं तीर्थाचा तांब्या घ्यायला वाकला. कावेरीनं तो आधीच उचलला होता.

"तीर्थ आमा पापी माणसांना. महाराजांना कशाला?"

गर्दी हसली. हरिओमनं नाइलाजानं टोचलं. टीव्हीवर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं तेवढी आली, एच आणि आय.

"मशीन महाराजांना हाय करतंय!" लिंबाखालून धोंडीराम ओरडला.

"हाय म्हणजे लई वर, धोंडीरामभाऊ," कावेरी म्हणाली. "इतकी साखर की मशीनला मोजता यीना. तुमच्या पिंपातलं तांब्याभर पाणी द्या इकडं."

साधं पाणी आलं, पंचायतीच्या टाकीतलं. महाराज "माता रागावंल" म्हणत होते, तोवर चार जणांनी त्यांचा हात धरला आणि कावेरीनं तो धुवून कोरडा केला. टोचायला ह्या खेपेला धोंडीराम स्वतः पुढं आला. आकडा आला : दोनशे शहाऐंशी.

हरिओम महाराजांच्या कानाशी लागला, पण महाराजांच्या छातीवरचा छोटा माईक चालू होता. चारही कर्ण्यांतून त्याची कुजबूज बाजारतळभर घुमली.

"महाराज, सकाळची गोळी घेतली न्हाई का?"

मग हशा असा फुटला की मांडवाचे बांबू हलले. कावेरीनं पिशवीतून ग्लुकोजचा डबा काढला, चिमूटभर स्वतःच्या बोटावर चोळला, मोजलं. धुतलं, पुन्हा मोजलं. आकडा वर, आकडा खाली. मग तिनं डबा सासऱ्यांपुढं धरला. चन्नप्पांनी चिमूट जिभेवर ठेवली. जन्म गेला त्यांचा हा माल विकण्यात. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला.

सगळ्यात शेवटी बसम्मा लंगडत पुढं आली. स्वतः हात धुतला, पदरानं पुसला आणि बोट पुढं केलं. चारशे सत्तर. ही तिची खरी साखर, धुतलेल्या बोटाची. तिनं आकडा पाहिला, आणि मग महाराजांकडं वळली.

"तुमची गोळी चालू, आन् माझी सुई बंद? देवी तुमच्यावर काहून कोपली न्हाई, महाराज?"

महाराजांच्या मदतीला जगातला एकही देव धावला नाही. ते मांडवाच्या मागून निसटत होते, तेव्हा त्यांना अडवणाऱ्यांत पहिला हात चन्नप्पांचा होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, तिच्यावर सहीही त्यांचीच.

बसम्माला त्याच दुपारी गेवराईला नेलं. शाहीननं हातातलं काम टाकून तिला मोठ्या दवाखान्यात पोचवलं. पाय वाचला. अंगठा गेला. चकवा उघडा पडला म्हणून गेलेला अंगठा काही परत आला नाही, आणि गावात ज्यांनी ज्यांनी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या होत्या त्यांचं काय काय गेलं, ते त्यांनाच ठाऊक. तो भलाथोरला फ्लेक्स आता एका शेतात कडब्यावर टाकलेला आहे. थोरच्या हातोड्यावर शेळी उभी असते. त्या देवांचा तरी काय दोष? त्यांनी कधी उमापूरचं तिकीट काढलं नव्हतं.

बसम्मा अजूनही रोज अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेते, पूजा करते. त्याला कावेरीची कधीच ना नव्हती. पूजा झाली की म्हातारी मोरीवर जाते, उजवा हात साबणानं धुते आणि सुनेपुढं बोट धरते.

"देवाला हात लावायच्या आदी धुती," ती म्हणते, "मग मशीनला लावायच्या आदी काहून न धुवावा?"

लोकहो, देव कुठल्याही देशाचा माना, नाही तर एकही मानू नका. ते तुमचं तुम्ही बघा. पण देवाच्या नावानं कुणी तुमचं औषध बंद करायला लागला, तर हात जोडायच्या आधी त्याचं बोट मागा. आणि टोचण्याआधी ते साध्या पाण्यानं स्वच्छ धुऊन घ्या.