चार नंबरचा ठोका

मित्रांनो, मी एक जुना बुलडोझर आहे आणि गप्प उभं राहणं मला कधीच जमलेलं नाही. आत्ताही आर्वीच्या यार्डात कडुनिंबाखाली उभा आहे. ऑइल बदललं आहे, चेन धुतल्या आहेत, काम हाती नाही, तरी जीव थाऱ्यावर नाही. सारखं वाटतं, कोणीतरी यावं, मला सुरू करावं, कुठेतरी न्यावं. निदान माझं म्हणणं तरी ऐकून घ्यावं. तुम्ही आलाच आहात तर बसा. त्या चेनवर मात्र बसू नका, कपड्यांना ग्रीस लागेल आणि घरी बोलणी तुम्ही खाल.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. मला चाकं नाहीत. दोन बाजूंना दोन लोखंडी चेन आहेत. त्या मी स्वतःच पुढे अंथरतो, त्यांच्यावरून जातो आणि मागून गोळा करतो. ट्रॅक्टर चिखलात रुतून बसतो तिथून मी निवांत जातो. पुढे माती ढकलायचं पातं, पोटात सहा सिलिंडरचं इंजिन आणि वजन चौदा टन. मालगाडीवर चढवून मला इकडे आणलं तेव्हा वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर लोक बोटं दाखवत होते. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

आधी मी सरकारी कामावर होतो. नाले अडवले, बांध घातले, तलाव खोदले. तिथेच माझी प्रेमदासशी गाठ पडली. सिंदी मेघेचा हा तरुण मिस्त्री तेव्हा रोजंदारीवर होता. चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला तो सुट्टी घेई, बाकी वर्षभर माझ्या अंगाखाली नाहीतर अंगावर. पुढे सरकारने माझा लिलाव केला आणि आर्वीच्या सदाशिवरावांनी मला घेतलं. प्रेमदासही माझ्यामागून आला. सदाशिवराव हसून लोकांना सांगत, "डोझर घेतला, तं मिस्त्री वरतून भेटला."

प्रेमदासकडे एक लोखंडी सळई होती, हातभर लांबीची. तिचं एक टोक तो माझ्या इंजिनला टेकवी आणि दुसरं कानाशी धरी. मग डोळे मिटून उभा राही. कुठलं बेअरिंग सैल आहे, कुठला व्हॉल्व्ह वाजतो, हे त्याला त्या सळईतून कळे. खोलून पाहिलं की तसंच निघे. त्याच्यासमोर काही लपवायची सोय नव्हती.

आता माझ्या मिजाशीची गोष्ट सांगतो. एकदा तळेगावजवळ बाभळीची फांदी लागून माझा सायलेन्सर तुटून पडला. "नंतर बसवू," असं ठरलं आणि ते नंतर वीस वर्षं आलंच नाही. मला त्याचं काय? माझा आवाज तिप्पट झाला. दोन गावं ओलांडून ऐकू जायचा. लोक हातातली कामं टाकून पाहायला यायचे, म्हातारे म्हणायचे, "मशीन असावी तं अशी." मी आणखी जोर लावायचो. प्रेमदास त्या वेळी माझ्या शेजारीच उभा असायचा, दिवसाचे आठ-आठ तास.

एका दुपारी त्याची बायको कांता डबा घेऊन बांधावर आली. मी बंद होतो, सगळं शांत होतं. तिने मागून हाक मारली. प्रेमदास चेनची पिन ठोकत होता, त्याने वळून पाहिलं नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. शेवटी ती पुढे येऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला. सगळे मजूर हसले. "मिस्त्री आपल्याच तंद्रीत राह्यते," कोणीतरी म्हणालं. मीही मनात हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

नंतर सळई कानाशी धरून तो जास्त वेळ उभा राहू लागला. एक दिवस त्याने ती कानावरून काढली, सदऱ्याला पुसली आणि दातांत धरली. तेव्हापासून तो दातांनी माझे ठोके मोजतो. आवाज त्याला येत नाही, पण ठोका जबड्याला कळतो. लोकांनी त्याच्याकडची कामं कमी केली. बहिऱ्या मिस्त्रीला इंजिन कोण दाखवणार? सदाशिवरावही वारले. त्यांची मुलगी सुरभी आता धंदा बघते. हिशेबाची पक्की, बोलायला सरळ. गेल्या वर्षी तिने यार्डातच सांगून टाकलं होतं, "आता याच्या इंजिनचं मोठं काम निघालं तर करायचं नाही. भंगारात द्यायचा."

ते मी ऐकलं. माझा चालक कैलास, त्यानेही ऐकलं.

यंदा मे महिन्यात तळेगावकडच्या एका गावात तलावाचा फुटका बांध भरायचं काम आलं. उन्हाने लोखंड असं तापलेलं की नट फिरवायचे पाने ओल्या बारदान्याखाली ठेवावे लागत. आठवड्याने माझ्या चार नंबरच्या सिलिंडरखाली ठोका सुरू झाला. तिथलं बेअरिंग झिजलं होतं. तुमचा दात दुखतो तेव्हा काय होतं? माझं तसंच झालं. उभं राहवेना, चालवेना. मी ओरडून सांगत होतो आणि कैलासला ते समजलं होतं.

त्याने काय करावं? त्याने गिअरचं घट्ट ऑइल आणून इंजिनमध्ये ओतलं. घट्ट ऑइलने ठोका दबतो आणि ऑइलचा काटाही छान वर दिसतो. कैलास वाईट माणूस नाही, मित्रांनो. भंगारच्या धास्तीने त्याने हे केलं. पण माझं दुखणं तसंच राहिलं, उलट त्यावर बोळा बसला. आतला क्रँक, म्हणजे ज्याच्यावर सगळं इंजिन फिरतं तो जाडजूड दांडा, तुटायला फार दिवस लागणार नव्हते. तो तुटला की पुढे काय, हे मला पाठ होतं.

त्याच आठवड्यात चेन सैल झाली म्हणून सुरभीने प्रेमदासला पाठवलं. कैलासला काळजी वाटली नाही. चेन कसून होईल, म्हातारा जाईल, त्याला ऐकू थोडंच येणार होतं?

प्रेमदासने चेन कसली. मग सवयीने सळई काढली आणि खुणेने सांगितलं, सुरू कर. थंड इंजिनात घट्ट ऑइल होतं, त्यामुळे सळईतून दातांना काहीच लागेना. कैलास वरून ओरडला, "झालं, काका. बंद करतो."

"तापू दे," प्रेमदास त्याच्या ओठांकडे बघत म्हणाला.

"कायले उगाच डिझेल जाळता?"

"तापू दे म्हटलं ना."

पंधरा मिनिटं गेली. मी तापलो, ऑइल पातळ झालं. चल, मी स्वतःला म्हणत होतो, आता सांग त्याला. प्रेमदासने सळई चार नंबरवर टेकवून दातांत धरली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने चार नंबरच्या नोजलचा नट ढिला केला, डिझेल तोडलं. ठोका मंदावला. नट परत कसला, ठोका परत आला.

"चार नंबर ठोकून राह्यला, कैलास."

कैलास खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता आणि त्या धास्तीत तो नको ते बोलून गेला. "काका, तुमाले कानाशी ढोल वाजला तरी आयकू येत नाई. आन् हे आयकू आलं?"

प्रेमदासला ओठांवरून समजलं. तो म्हणाला, "मले आयकू येत नाई, हे खरंच हाये. पण दात शाबूत हायेत." त्याने सळई पुसून पुढे केली. "घे. तू चावून पाह्य."

कैलासने सळई दातांत धरली. मी काही हातचं राखलं नाही, होतं तेवढं दुखणं त्या सळईतून त्याच्या जबड्यात पाठवलं. त्याने डोळे मिटले. मग मला बंद केलं आणि स्वतःच सुरभीला फोन लावला.

ती दुपारी आली. कैलास तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, म्या घट्ट ऑइल टाकलं. आवाज दबावा म्हून."

"काऊन?"

"तुमी म्हटलं होतं ना, मोठं काम निघालं तं भंगारात. याच्याशिवाय मले काय चालवता येते?"

सुरभी माझ्याकडे वळली. माझ्या बॉनेटवर बोटभर धूळ होती. तिच्यावर तिने बोटाने लिहिलं, "क्रँक गेला असेल तर?"

प्रेमदासने वाचलं. "तं भंगारात कापाले गॅस कटरवाल्याले मीच बोलावून आणीन. खोलू तं दे."

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पोटाखालची जाड पत्र्याची प्लेट निघाली, तिच्यावरचा कित्येक वर्षांचा चिखल कैलासने एकट्याने खरवडला. ऑइल काढलं, तळाचं चेंबर उतरवलं. ऑइलमध्ये पितळी चुरा चमकत होता. चार नंबरचं बेअरिंग झिजून पान झालं होतं. सुरभी वाकून बघत होती. प्रेमदास माझ्याखाली पाठीवर पडला होता. त्याने क्रँक पुसला आणि अंगठ्याचं नख त्यावरून हळूहळू फिरवलं. ओरखडा असला तर नख अडतं. मित्रांनो, एवढंसं नख माझ्या चौदा टनांचा निकाल देणार होतं.

नख कुठे अडलं नाही.

"रेघ नाई," तो खालूनच म्हणाला. "दोन दिवस आनखी चालला असता, तं गेला होता."

कैलास एसटीने नागपूरला जाऊन नवीन बेअरिंग घेऊन आला. तिसऱ्या दिवशी मी सुरू झालो. तापल्यावर प्रेमदासने सळई दातांत धरली, सहाही सिलिंडर तपासले आणि मान हलवली. त्या हलवलेल्या मानेसाठी मी आणखी चाळीस वर्षं माती ढकलीन. बांध वेळेत पुरा झाला.

शेवटच्या दिवशी सुरभीने पुन्हा बॉनेटवर लिहिलं, "काका, तुम्हाला काय देऊ?" प्रेमदासने ते वाचलं, आणि त्याच धुळीत खाली लिहिलं, "याला सायलेन्सर." थोडा थांबला आणि आणखी दोन शब्द लिहिले, "कैलासचे कान."

मला आधी रागच आला. माझा आवाज, ज्याच्यासाठी गावं गोळा व्हायची, तो बंद करायचा? मग बांधावर डबा घेऊन उभी असलेली कांता आठवली, तिच्या तीन हाका आठवल्या. प्रेमदासचे कान कोणी नेले, हे मला तेव्हा कळलं. त्याला ते बहुतेक फार आधी कळलं होतं. तरी तो सळई घेऊन येत राहिला.

सायलेन्सर बसला. कैलास आता कानांवर जाड झाकणं लावून बसतो, सुरुवातीला लाजायचा, आता विसरत नाही. मला बघायला कोणी येत नाही. प्रेमदास महिन्यातून एकदा येतो, आणि तो येईपर्यंत मी असाच तळमळत उभा असतो. त्याला सांगायचं असतं की मी आता हळू बोलतो. पण ते त्याला ऐकू जायचं नाही.

म्हणून, मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. ग्रीस, ऑइल, चेनचा ताण, ते बघणारी माणसं मला आहेत. तुमच्या घरी कोणी गिरणीत, कापसाच्या जिनिंगमध्ये, माझ्यासारख्या मशीनवर काम करत असेल, तर आज संध्याकाळी एवढंच करा. ते पाठमोरे बसले असताना मागून एकदा हाक मारा. पहिल्या हाकेला वळून पाहिलं, तर बरं आहे. नाही पाहिलं, तर हसू नका.