पाठीवरची गुणगुण

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. डिझेल पिते, पुढे दोन माणसांना बसवते आणि मागे ओझं वाहते. माझा निळा रंग उन्हाने विटला आहे, एका दाराला दोरी बांधली आहे. आयुष्यभर मी बहुतेक एकच ओझं वाहिलं, पण ते जिवंत होतं. माझ्या पाठीवर मधमाश्यांच्या पेट्या असत.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. एवढं आठवतं, की पत्रा, काचा, चाकं, सगळं जागच्या जागी बसलं होतं, तरी मी नुसती वस्तूच होते. शेवटी एका कामगाराने माझ्या कुशीत बॅटरी ठेवली, तिची पट्टी आवळली, कुणीतरी किल्ली फिरवली, आणि मी गाडी झाले. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. ते हवेला दाबून दाबून तापवतं आणि त्या तापावर पेट घेतं. त्या पहिल्या दाबाला जो जोर लागतो, तो सगळा बॅटरीने द्यायचा असतो.

मला आबांनी घरी आणलं. आबा मधपाळ होते. जिथे फुलोरा, तिथे त्यांचा मुक्काम. आज सूर्यफुलाचं शेत, पुढच्या महिन्यात एखादी फळबाग. माश्या संध्याकाळी घरी परतल्या, की पेट्यांची दारं लावायची, पेट्या माझ्यावर चढवायच्या आणि ऊन चढायच्या आत नव्या फुलांपाशी पोचायचं. आबांचा एक नियम होता. पेट्यांजवळ माझं इंजिन बंद. "धूर आणि धडधड त्यांना सोसत नाही," ते म्हणत, "लेकरं निजवताना कुणी ढोल वाजवतं का?" दुसऱ्या गाडीवाल्यांना याचं हसू येई. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते माझं बॉनेट उघडत. ऑईलची काडी ओढून, पुसून, पुन्हा बुडवून बघत. डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढून टाकत. पंख्याच्या पट्ट्यावर अंगठा दाबून बघत, फार सैल नाही ना. मग बॅटरीची पाळी. काळी वायर आधी सोडायची आणि लावताना शेवटी लावायची, हे ते कधी विसरले नाहीत. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली असली, तर सोड्याच्या गरम पाण्याने, जुन्या ब्रशने घासत, कोरडं करत, वर व्हॅसलीनचं बोट फिरवत. मग एकेक झाकण उघडून बॅटरीचं पाणी घालत. खुणेपर्यंतच, त्यावर थेंब नाही. घालताना गुणगुणत:

घोट घोट पाणी पी गं, माझ्या लोखंडाच्या गाई,
तुझ्या पाठीवर निजे माझ्या पोळ्याची पुण्याई.

मला गाणं कळत नसे, पण हात कळत. ज्याच्याकडे दुरुस्तीला जायचो तो मिस्त्री म्हणे, "आबा, तुमच्या गाडीवर माझं पोट भरायचं नाही." यापेक्षा मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

मग आबांचे गुडघे दुखू लागले आणि किल्ली त्यांच्या मुलाच्या हातात आली. आबा त्याला लाडाने गडबड्या म्हणत. मनाने सोन्यासारखा, पण पायाला भिंगरी. पेट्या उचलायला पुढे, मध गाळायला पुढे, बॉनेट उघडायला मात्र "उद्या बघू". त्याची बायको, आबांची सूनबाई, माश्यांमध्ये इतकी रमली होती, की झाडावर लटकलेला थवा हातमोजे न घालता सुपात घेई. जुन्या पेट्यांमधल्या कितीतरी तिने अशाच उभ्या केल्या होत्या. प्रत्येक पेटीचा स्वभाव तिला ठाऊक होता. ही रागीट, ही आळशी, ही पाऊस येणार हे आधी सांगणारी.

गडबड्याने मला गाण्यांचा डबा बसवला होता. पेट्यांजवळ इंजिन बंद असे, पण गाणी चालू राहत. बॅटरी झिजत गेली. आतलं पाणी खुणेखाली गेलं. टर्मिनलवर पुन्हा बुरशी चढली. मी माझ्या परीने सांगत होते. दिवे मंद होत होते, किल्ली फिरवली की माझ्या पोटातून कण्हण्यासारखा आवाज निघत होता.

गडबड्याने त्यावर इलाज शोधला. घरासमोर उतार होता. तो मला रोज त्या उतारावर उभी करू लागला. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, मध्येच गिअर टाकून क्लच सोडायचा. धक्का बसला की मी सुरू. कुठेही गेलो, की तो आधी उतार शोधी.

"अहो, लग्नात मला सांगितलं होतं, घरात गाडी आहे म्हणून," सूनबाई एकदा पाठीमागून धक्का देत म्हणाली. "ढकलगाडी आहे हे नव्हतं सांगितलं."

"अगं, तेवढाच व्यायाम होतो. डॉक्टर पैसे घेऊन हेच सांगतो."

"मग तुम्ही ढकला, मी बसते."

ती हसली, तोही हसला. "पण ती बॅटरी एकदा बघाच," ती म्हणाली. ओसरीवरून आबांनी हाक मारली, "अरे, बॅटरीत पाणी घातलंस का?"

"घालतो, आबा."

ते खोटं नव्हतं. त्याला खरंच घालायचं होतं. घालायचं राहून गेलं, इतकंच.

त्या हंगामात आमच्या पेट्या सूर्यफुलाच्या एका मोठ्या शेतात होत्या. शेताच्या मालकाने भला माणूस म्हणून आदल्या रात्री उशिरा का होईना निरोप दिला: पिकावर अळी पडली आहे, उद्या सकाळी फवारणी आहे, त्याआधी पेट्या हलवा. औषध फुलांवर पडलं, की त्या फुलावर बसलेली माशी परत येत नाही. आम्ही पहाटेच निघालो. माश्या बाहेर पडायच्या आत दोघांनी सगळ्या पेट्यांची दारं लावली. मी पेट्यांजवळ उभी होते, इंजिन बंद. ते शेत तळहातासारखं सपाट होतं.

शेवटची पेटी चढली, दोर आवळला, तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं. गडबड्याने किल्ली फिरवली.

टक्. एवढंच. पुन्हा फिरवली. टक्.

"ढकलूया," तो म्हणाला. दोघांनी खांदा लावला. पण पाठीवर भरलेल्या पेट्या आणि खाली पाणी दिलेली मऊ माती. माझी चाकं जागची हलली नाहीत. त्याने मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, निघतो, पण वेळ लागेल. तेवढ्यात शेताच्या पलीकडच्या टोकाला फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला आणि औषधाचा वास वाऱ्यावर आला.

"दारं उघड," गडबड्या म्हणाला. "आत भाजतील त्या."

"उघडून कुठे जातील?" ती म्हणाली. "समोर फुलं आहेत. सरळ तिथेच जातील."

तो ट्रॅक्टरच्या दिशेने धावत सुटला. ड्रायव्हरच्या तोंडावर फडकं, कानांवर टोपी. बराच वेळ त्याला हाका ऐकूच गेल्या नाहीत. इकडे ऊन माझ्या पत्र्यावर उतरलं. बंद पेटीत माश्या घाबरल्या, की त्या पंख हलवतात, आणि त्या हलण्यानेच आत आणखी ताप होतो. सूनबाईने होतं नव्हतं ते प्यायचं पाणी पोत्यांवर ओतलं आणि ओली पोती पेट्यांवर टाकली. ती सगळ्यांना पुरली नाहीत. सूनबाई एकेका पेटीला हात लावत फिरत होती. पाठीवरची गुणगुण आधी वाढत गेली. इतकी, की माझा पत्रा थरथरला. मग ती एकेका पेटीतून कमी होत गेली.

ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने साखळी लावली, मला ओढलं, आणि चार पावलांवर मी सुरू झाले. मला इतकं सोपं होतं ते.

घरी अंगणात पेट्या उतरवल्या. कडेच्या, ओल्या पोत्याखालच्या काही पेट्यांमध्ये जीव होता. बाकीच्यांमधून मेण वितळून मध ठिबकत होता आणि त्या मधात माश्या चिकटून पडल्या होत्या. थवा सुपात घेणाऱ्या हातांनी सूनबाईने त्या झाडूने गोळा केल्या.

गडबड्या पायरीवर बसला होता. "तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं. पण बॉनेट काय फक्त तुम्हालाच उघडता येतं? मलाही हात होते."

आबा काठी टेकत आले. एका पेटीशी वाकले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले.

त्याच संध्याकाळी मला नवी बॅटरी बसली. आता गडबड्या न चुकता बॉनेट उघडतो. पाणी खुणेपर्यंत असतं, टर्मिनल लखलखीत, पट्टी घट्ट. काळी वायर तोही शेवटी लावतो. त्याला घाई नसते, आणि तो गाणीही लावत नाही. उरलेल्या चार पेट्या माझ्या पाठीवर मध्येच कुठेतरी एकत्र बसतात आणि बाकीचा पत्रा वळणावर रिकामा वाजतो.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, पंप असेल, शिवणयंत्र असेल. ज्याला बोलता येत नाही, ते कण्हू लागायच्या आत त्याच्याजवळ जा. घरंगळत सुरू होतंय म्हणून ठीक आहे, असं समजू नका. आणि हे माझ्यासाठी सांगत नाही. मी यंत्र आहे. माझं जे मेलं, ते दुकानात मिळालं आणि मी पुन्हा एका किल्लीत सुरू झाले. माझ्या भरवशावर डोळे मिटून जे पाठीवर बसले होते, ते जीव कुठल्याच दुकानात मिळाले नाहीत.